पेपरक्लिपांचा हिशेब

चार्ल्स स्ट्रॉस या ब्रिटिश लेखकाची ‘लाँड्री फाइल्स’ ही मालिका सध्या मी क्रमाने वाचत आहे. हेरकथा, भयकथा आणि सरकारी कारभाराची टवाळी यांचे हे मिश्रण आहे, आणि कोल्हापुरातील एका कार्यालयाच्या लेखा शाखेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्यातली टवाळीच सर्वांत खरी वाटते.

या मालिकेत जादू ही गणिताचीच एक शाखा आहे. ठरावीक आकडेमोड केली की दुसऱ्या विश्वांतले काहीतरी जागे होते, आणि आता ही आकडेमोड कोणाच्याही टेबलावरचा संगणक करू शकतो. अशा प्रकारांना आवर घालणारा ब्रिटिश सरकारचा गुप्त विभाग एकेकाळी लंडनच्या सोहो भागात एका चिनी लाँड्रीच्या वर होता, म्हणून त्याचे नाव ‘लाँड्री’. नायक बॉब हॉवर्ड विद्यार्थी असताना नकळत असा प्रोग्राम लिहून बसतो की वुल्वरहॅम्प्टन शहर भुईसपाट व्हायचे थोडक्यात टळते. त्यानंतर त्याला जी सरकारी नोकरी देऊ केली जाते, ती नाकारण्याची मुभा नसते.

करवीर नगर वाचन मंदिरातून भयकथाकार नारायण धारपांची पुस्तके आणून वाचलेल्या आमच्या पिढीला अमानवी शक्तींशी झुंजणारा नायक नवा नाही. मात्र धारपांच्या कथांतील समर्थ या नायकाला त्यासाठी कोणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नसे. बॉबला ती घ्यावी लागते, शिवाय जीव वाचवून परत आल्यावर अहवाल, खर्चाचा तपशील आणि साहेबांपुढची हजेरी चुकत नाही ती नाहीच.

या विभागात पेपरक्लिपांचेही लेखापरीक्षण होते. सुरुवातीला हा निव्वळ विनोद वाटतो, पण पुढे त्यामागचे कारण कळते: गोपनीय कागदांना लावलेल्या क्लिपचा त्या कागदांशी असलेला संबंध ती काढल्यावरही तुटत नाही, आणि जाणकार माणूस त्या क्लिपवरून कागदांचा माग काढू शकतो. टाचण्या आणि कार्बन पेपर यांच्या साठा नोंदवहीवर सही करताना मी मनातल्या मनात जे काही म्हणत असे, ते मला इथे मागे घ्यावेसे वाटले.

‘द काँक्रीट जंगल’ या लघुकादंबरीची सुरुवात तर याहून सरस आहे. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या शहरात काँक्रीटच्या गायींची शिल्पे खरोखरच आहेत. बॉबला अपरात्री उठवून त्या मोजायला पाठवतात आणि एक गाय जास्त भरते. हाडामांसाची गाय दगड झालेली असते, आणि त्याचा धागा थेट रस्त्यावरच्या पाळत कॅमेऱ्यांपर्यंत जातो. ग्रीक पुराणातल्या, नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या मेड्यूसाची नजर सॉफ्टवेअरमध्ये उतरवून सार्वजनिक कॅमेऱ्यांत बसवता आली तर काय होईल, हा प्रश्न स्ट्रॉस अगदी सरकारी टिपणीच्या थंड सुरात मांडतो. या लघुकादंबरीला 2005 साली विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

हा सूर कुठून आला, हे लेखकाच्या पूर्वायुष्यावरून बरेचसे उलगडते. 1964 साली लीड्स येथे जन्मलेला स्ट्रॉस आधी औषधनिर्माणशास्त्र शिकून फार्मासिस्ट झाला, मग संगणकशास्त्राची पदवी घेऊन तांत्रिक लेखक व प्रोग्रामर म्हणून त्याने काम केले आणि एका संगणक मासिकात लिनक्सवर सदरही लिहिले. धोकादायक औषध कुलपात ठेवायचे, मात्रा पुन्हा तपासायची आणि दिलेल्या गोळीची नोंद करायची, ही फार्मासिस्टची शिस्त. लाँड्रीत मंत्रांना नेमके असेच वागवले जाते. माझ्या मते केवळ प्रोग्रामर असलेल्या लेखकाने जादूची करामत रंगवली असती. तिची नोंदवही रंगवायला दुकानाच्या काउंटरमागे उभा राहिलेला माणूस हवा.

पहिल्या चार कादंबऱ्यांसाठी त्याने अनुक्रमे लेन डेटन, इयान फ्लेमिंग, अँथनी प्राइस आणि पीटर ओडॉनेल या हेरकथा लिहिणाऱ्या लेखकांची शैली डोळ्यांपुढे ठेवली. त्यांपैकी डेटनचा, थकलेल्या पगाराची कुरकुर करणारा हेर बॉबचा सख्खा भाऊ शोभतो. फ्लेमिंगच्या थाटाचे दुसरे पुस्तक मला त्यामानाने कमी रुचले, कारण आलिशान बोटीवर बॉब उपरा वाटतो.

‘द ऱ्हीसस चार्ट’मध्ये मात्र तो पुन्हा आपल्या खुर्चीत येतो. एका बँकेतले गणिती विश्लेषक आकडेमोड करता करता रक्तपिपासू पिशाच (व्हॅम्पायर) होतात, आणि ज्या विभागाने हे हाताळायचे, तिथे रक्तपिपासू अस्तित्वातच नाहीत यावर सर्वांचे एकमत असते.