एकुलती एक टेप

१९८० साली ‘डेपेश मोड’ या सिंथेसायझरवर गाणी करणाऱ्या इंग्लिश बँडचे डेव्ह गहान आणि व्हिन्स क्लार्क आपल्या गाण्यांची नमुन्यादाखल केलेली डेमो टेप घेऊन लंडनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवत होते. त्याविषयीची गहान यांची आठवण आज वाचली आणि त्यातला एक तपशील दिवसभर मनातून जाईना.

बहुतेक ठिकाणी ‘टेप ठेवून जा’ असे सांगितले जाई. त्यांच्याजवळ तेवढी एकच प्रत असल्यामुळे ती आपल्यासमोरच ऐकावी असा त्यांचा आग्रह असे, आणि ते जमत नसेल तर टेप उचलून ते दुसरी कंपनी गाठत.

‘रफ ट्रेड’ या रेकॉर्ड कंपनीतही नकारच मिळाला. तिथे हजर असलेल्या, ‘म्यूट’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या डॅनियल मिलर यांनीही त्यांना दाद दिली नाही, याचे मला फार वाईट वाटले, कारण १९७८ साली स्वतः सिंथेसायझरवर सिंगल रेकॉर्ड काढणाऱ्या मिलर यांच्याइतकी या संगीताची जाण तेव्हा फार थोड्यांना होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिलर यांनी लंडनमधल्या कॅनिंग टाउनच्या ब्रिजहाउस पबमध्ये डेपेश मोडला वाजवताना प्रत्यक्ष ऐकले, तेव्हा मात्र ‘म्यूट’तर्फे रेकॉर्ड काढण्याचे सगळे लेखी कराराविना, निव्वळ शब्दावर ठरले, आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये ‘ड्रीमिंग ऑफ मी’ हे त्यांचे पहिले गाणे प्रसिद्ध झाले.

आज नवे गाणे क्षणात शंभर जणांना धाडता येते. पण ‘आत्ता, आमच्यासमोर ऐका’ असे कुणाला म्हणता येते का?