लातूर ते मुंबई, पुरस्काराच्या अंतिम फेरीला: कागद, पैसे आणि सात मिनिटं

महिला उद्योजिकांच्या पुरस्काराचा अर्ज फुकट असतो, हे खरं आहे. अंतिम फेरीत नाव आल्यावर किती पैसे मागितले जातात, हे मात्र अर्ज भरताना कुणी सांगत नाही. मराठवाड्यातून जाणाऱ्या आधीच थोड्या, आणि जाऊन आलेल्या जणी ट्रॉफीचा फोटो टाकतात, खर्चाबद्दल बोलत नाहीत. म्हणून हा वृत्तांत. लातूर एमआयडीसीतली आमची डाळ मिल, अर्ज ते मुंबईतला कार्यक्रम असे साडेचार महिने. संस्थेचं नाव देत नाही.

हे तीन वर्षं पूर्ण झालेल्या, जीएसटी वेळेवर भरणाऱ्या आणि ताळेबंद तयार असलेल्या धंद्यासाठी आहे. ज्यांचा हिशेब अजून वहीत आहे त्यांनी यंदा अर्ज करू नये. आधी वर्षभर हिशेब लावावा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, काढून बघा. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नाही, तिथून बाहेर पडा. 1 एप्रिल 2025 पासून वर्गवारीच्या मर्यादा बदलल्या आहेत. सूक्ष्म उद्योगाला आता गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत चालते, आधी हीच मर्यादा 1 कोटी आणि 5 कोटी होती. डाळ मिलला याचा मोठा फरक पडतो. तूर महाग, त्यामुळे उलाढाल फुगलेली दिसते आणि नफा पातळ असतो. सात-आठ कोटींची मिल पूर्वी लघु उद्योगात जायची आणि तिथे तिच्यासमोर पन्नास कोटींचे कारखाने असायचे. आता तीच मिल सूक्ष्म गटात बसते. पुरस्काराची गटवारी याच प्रमाणपत्रावरून होते, म्हणून प्रमाणपत्र ताजं उतरवा. दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ जोडू नका.

दुसरा कागद सीएचा उलाढालीचा दाखला. त्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएच्या दाखल्याचा 18 अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक, हवाच. तो नसेल तर छाननीत अर्ज बाजूला पडतो. पण खरी गडबड याच्यापुढे आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे. मोठ्या पोत्यातली डाळ करमुक्त, डाळ भरडताना निघणारा चुरा आणि टरफल, म्हणजे चुनी-भुसाही करमुक्त. म्हणजे मिलची विक्री जीएसटीआर-3बी या जीएसटी रिटर्नमध्ये दोन रकान्यांत विभागली जाते. छाननी करणाऱ्यांनी फक्त करपात्र रकाना बघितला आणि फोन आला की सीएच्या दाखल्यातली उलाढाल आणि रिटर्नमधली उलाढाल जुळत नाही, निम्म्याहून जास्त तफावत आहे. तफावत नव्हतीच. हे टाळायचं तर सीएकडून एकच पान करून घ्या: तीन वर्षं, दोन रकाने, खाली बेरीज, आणि ती बेरीज ताळेबंदातल्या विक्रीशी जुळवलेली. हे पान पहिल्या दिवशीच जोडलं तर तीन आठवडे वाचतात. सोयाबीन, भुसार, पशुखाद्य, पीठ, जिथे जिथे काही माल करपात्र आणि काही करमुक्त, त्या सगळ्यांना हे लागू.

मालकीबद्दल. बहुतेक अर्जांत महिलेचा वाटा किमान 51 टक्के लागतो. भागीदारी असेल तर करारनाम्यात टक्केवारी स्पष्ट लिहिलेली हवी. '50-50' असेल तर अर्ज करू नका, शब्दांचा खेळ करून ते बसत नाही.

आता तो फोन. नाव अंतिम यादीत आल्याची मेल सकाळी येते आणि दुपारी फोन येतो. बोलणारी मुलगी अभिनंदन करते, ताई-ताई म्हणते, आणि पाच मिनिटांत प्रोफॉर्मा बिल व्हॉट्सॲपवर येतं. आमचं असं होतं: अंतिम फेरी सहभाग 15,000, सोबतच्या व्यक्तीचा पास 6,000, स्मरणिकेत एक पान 20,000, दोन मिनिटांची चित्रफीत 12,000. एकूण 53,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 9,540. म्हणजे 62,540 रुपये, आणि खाली लाल अक्षरात 'आज संध्याकाळी सहापर्यंत'. यातलं सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, हे बिलावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोनवर सांगितलं गेलं की सगळ्यांनी पूर्ण पॅकेज घेतलंय. ते खोटं होतं, हे कार्यक्रमाच्या दिवशी स्मरणिका हातात आल्यावर कळलं. जिंकलेल्या आठ जणींपैकी तिघींचं पान त्यात नव्हतं.

त्या फोनवर काहीही कबूल करायचं नाही. फोन ठेवायचा आणि मेल लिहायची. मेलमध्ये तीनच प्रश्न: यातली कोणती रक्कम भरल्याशिवाय मुलाखत होणार नाही? पान किंवा चित्रफीत न घेतल्यास निकालावर परिणाम होतो का? जेवणाची रक्कम बिलात वेगळी दाखवाल का? उत्तर लेखी मागा. दोन दिवसांनी उत्तर आलं की फक्त सहभाग शुल्क बंधनकारक आहे. संध्याकाळी सहाची मुदत तोपर्यंत उलटून गेली होती आणि काहीही बिघडलं नव्हतं. भरले ते 17,700 आणि सोबतच्या पासचे 7,080, एकूण 24,780. लेखी उत्तर मागितलं नसतं तर 37,760 रुपये जास्त गेले असते. लातूरच्या मिलला हे पैसे एका हमाल टोळीच्या कित्येक दिवसांच्या मजुरीचे आहेत, हे विसरून सही करू नका.

जेवण वेगळं दाखवायला का सांगायचं, तर खाण्यापिण्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळत नाही, कायद्याने अडवलेलं आहे. सगळं एका ओळीत आलं तर तुमचा सीए पूर्ण क्रेडिट सोडून देतो आणि ते बरोबरच करतो.

पैसे भरण्याआधी संस्थेचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. क्रमांक 27 ने सुरू होत असेल तर नोंदणी महाराष्ट्रातली, 07 असेल तर दिल्लीची. खाली धंद्याचं स्वरूप दिसतं: ट्रस्ट, कंपनी की एका माणसाची प्रोप्रायटरशिप. नावात 'राष्ट्रीय परिषद' आणि स्वरूपात प्रोप्रायटरशिप दिसली तर एक पैसाही भरू नका. दुसरी तपासणी मोजणीची आहे. मागच्या वर्षीचे गट किती आणि अंतिम यादीतली नावं किती, हे मोजा. साठ गट आणि सत्तर नावं असतील तर तो पुरस्कार नाही, ती ट्रॉफीची विक्री आहे. आमच्या वेळी आठ गट आणि बेचाळीस नावं होती, परीक्षकांची नावं आधी जाहीर झालेली होती, म्हणून गेलो. परीक्षकांची नावं जाहीर नसतील तर जाऊ नका. यावर दुसरं मत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. लातूर-मुंबई रेल्वे रात्री निघून कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत सकाळी पोचते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, मुलाखतीची तारीख मात्र दहा दिवस आधी कळते, त्यामुळे तत्काळ धरून चला. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. मिळालं नाही तर एसटी आहेच, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. फक्त बसने जायचं तर एक दिवस आधी पोचा, रात्रभर बसून गेलेल्या अंगाने परीक्षकांसमोर आकडे आठवत नाहीत. दादरला उतरा. नमुन्यांची बॅग चार किलोंपेक्षा जड नको, दादरच्या पुलावर ती तुम्हालाच उचलायची आहे.

मुलाखत सात मिनिटांची. चार मिनिटं तुमची, तीन प्रश्नांची. मेलमध्ये 'सविस्तर सादरीकरण' असं लिहिलेलं होतं आणि कित्येक जणी वीस-वीस स्लाइड घेऊन आल्या होत्या. चौथ्या मिनिटाला घंटा वाजते आणि थांबवतात. पाच स्लाइड पुरे. पहिल्या स्लाइडवर स्वतःचा प्रवास, आईवडील, प्रेरणा, हे काही नको. आकडा हवा.

कोणता आकडा, ते धंद्यावर आहे. डाळ मिलसाठी उतारा, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते ते. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, उरलेलं चुनी, टरफल आणि तूट. आपला उतारा किती, मागच्या वर्षी किती होता आणि तो कशामुळे वाढला, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. रोलरला नवा एमरी (टरफल घासून काढणारा खडबडीत थर) चढवला, की तेल-पाणी लावून वाळवण्याचा वेळ वाढवला, की मोंढ्यावरच, म्हणजे धान्याच्या बाजारातच, ओलावा मोजून 12 टक्क्यांच्या वरची तूर नाकारली? परीक्षकांत एक जण प्रक्रिया उद्योगातले जाणकार असतातच. त्यांना 'गुणवत्तेवर भर दिला' हे वाक्य चालत नाही. आमच्या फेरीत त्यांनी पाकीट फोडायला लावलं, पांढऱ्या थाळीत मूठभर डाळ ओतली आणि बोटाने पसरून तुटकी डाळ एका बाजूला सारत गेले. मग दोन दाणे नखाने दाबले आणि विचारलं, पॉलिश कशाचं? तेलाचं की पाण्याचं? याला उत्तर लागतं ते मिलमध्ये उभं राहणाऱ्या माणसाचं.

याच ठिकाणी बायका गळतात, आणि त्याचं वाईट वाटतं. मिल नावावर आहे, सह्या त्यांच्या आहेत, कष्टही आहेत, पण सकाळी मोंढ्यावर बोली कुणी लावली, आडत्याची पट्टी कुणी तपासली, व्यापाऱ्याकडची उधारी किती दिवसांची, असं विचारल्यावर मान बाहेर बसलेल्या नवऱ्याकडे वळते. परीक्षक लगेच ओळखतात. त्यांचा नेमका प्रश्न असा असतो: 'मागच्या आठवड्यात तुम्ही तूर किती भावाने घेतली?' जायच्या आधीचे पंधरा दिवस खरेदीचा भाव रोज स्वतः ठरवा, स्वतः लिहा. पाठ करून हे जमत नाही. दुसरा हमखास प्रश्न येणं वसुलीचा. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. तुमची सरासरी त्याच्या वर का आहे, हे ते विचारतात. 'बाजारच तसा आहे' म्हटलं की गुण गेले. उधारी कुणाची बंद केली आणि कुणाला रोखीवर आणलं, हे सांगा.

भौगोलिक मानांकनाबद्दल (एखाद्या भागाच्या खास मालाला मिळणारी जीआय नोंदणी) जपून बोला. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये मानांकन मिळालं. वसमतची हळद, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी हीसुद्धा त्याच वर्षीची. लातूरची मिल आहे म्हणून डाळ बोरसुरीची होत नाही. तूर त्या भागातली हवी आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. एका स्पर्धकाच्या पाकिटावर ते नाव होतं, नोंदणी नव्हती, आणि तीन मिनिटांपैकी अडीच मिनिटं त्यातच गेली. याउलट झेड प्रमाणपत्र (उत्पादनाचा दर्जा आणि पर्यावरण यांसाठीचं केंद्र सरकारचं) जवळ असेल तर जरूर दाखवा. महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांना त्याचा प्रमाणन खर्च केंद्र सरकार पूर्ण उचलतं, ब्रॉन्झपासून सुरुवात होते, आणि परीक्षक त्याला मान देतात. अर्जाआधी तीन महिने हे काम हाती घ्या.

कार्यक्रम चांगला झाला, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. साडेसातचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू झाला आणि साडेअकराला संपला. परतीची लातूरची गाडी त्याच्या आधीच सुटते, म्हणून त्या रात्रीचं तिकीट काढू नका, मुक्काम धरा. दोन रात्रींचं जागरण आणि पायाला आलेले फोड घेऊन हे लिहिलंय, त्यामुळे शब्द कडक वाटतील, पण एकही बदलावासा वाटत नाही. आमच्या गटात पहिला क्रमांक आला आणि आनंद खरा आहे. परीक्षकांनी खरंच डाळ बघितली. तेवढ्यासाठी जावं. पण पहिलाच पुरस्कार असेल तर मुंबईआधी आपल्या जिल्हा उद्योग केंद्राच्या जिल्हा पुरस्काराला अर्ज करा. त्यात पान नाही, पॅकेज नाही, आणि कागदांची तयारी तीच आहे.

एक शेवटचा खर्च राहिला. आठवड्याने पुन्हा मेल येते: पुरस्काराचा लोगो पाकिटावर वापरायचा असेल तर वर्षाचं शुल्क भरा. उत्साहात लगेच पाऊच छापायला टाकू नका. छापील रोल किमान काही शे किलो घ्यावा लागतो, नव्या छपाईला सिलिंडर वेगळे पाडावे लागतात, आणि मध्यम मिलचा तो रोल सहज दीड वर्ष पुरतो. परवानगी बाराव्या महिन्यात संपते, उरलेला रोल वाया. लोगो हवाच असेल तर गोल स्टिकर छापा, दोन-दोन हजारांच्या लॉटमध्ये, त्यावर वर्ष घाला. आणि पॅकिंगवाल्या बायांना एक पाकीट लावून दाखवा: स्टिकर पुढच्या बाजूला वर उजवीकडे, वजन, एमआरपी, बॅच नंबर आणि एफएसएसएआय क्रमांकावर कुठेही न येता.