सर्व्हर एका संध्याकाळी, पत्ता बावीस दिवसांनी

घरच्या लॅपटॉपचा सर्व्हर करून तो बाहेरून उघडावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला घरातल्या ठरावीक यंत्राकडे पाठवणं) करायला बसण्याआधी राउटरचा बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बघून घ्या. हे मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर माझे बावीस दिवस आणि ब्रॉडबँडवाल्यांच्या ऑफिसच्या चार खेपा वाचल्या असत्या.

झालं असं, की वहिनी पुण्यात डबे देतात. पस्तीसेक डबे आणि सगळा हिशेब वहीत. कुणाचे किती खाडे, कुणाच्या जास्तीच्या पोळ्या, कुणाचे मागचे बाकी. महिनाअखेरीला त्यावरून दादाचं आणि त्यांचं एकदा तरी वाजतंच. मी इथे सांगलीत बसून त्यांच्यासाठी पीएचपी या भाषेत एक छोटं वेबवर चालणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. वहिनींनी ते मोबाइलवर रोज वापरून बघायचं, चुका सांगायच्या, मी रात्री दुरुस्त करायच्या, असा बेत. होस्टिंगला (भाड्याच्या सर्व्हरला) पैसे घालायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. सॉफ्टवेअरचाच पत्ता नाही आणि भाडं कसलं भरायचं? शिवाय २०१३ सालचा लॅपटॉप माळ्यावर पडून होता.

लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, खर्च तेवढाच. पेनड्राइव्हवरून उबुंटू सर्व्हर २४.०४ ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. पडद्यावर खिडक्या-चित्रं काही नाहीत, नुसती काळी पाटी, त्यामुळे चार जीबी रॅमवरही मशीन हलकं पळतं. मग अपाचे (ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम), पीएचपी आणि मारियाडीबी (हिशेब साठवायला डेटाबेस). अपाचे १९९५ पासून फुकट आहे आणि अजूनही एका ओळीच्या कमांडने येतो. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून १९२.१६८.१.२० टाकलं आणि ‘इट वर्क्स!’ असं पान उमटलं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘एवढंच?’’

त्या रात्री एकदाच अडलो, ४०३ फॉरबिडनवर, म्हणजे ‘बघायला परवानगी नाही’वर. कोड मी माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि उबुंटूने २१.०४ पासून नवीन होम फोल्डर इतरांना बंद केलंय, त्यात अपाचेही आला. यावर सगळीकडे ‘७७७ परवानगी द्या’, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं करा, असा सल्ला मिळतो. देऊ नका, ते म्हणजे कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणं. कोड उचलून अपाचेच्या ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरात न्या, प्रश्न मिटतो.

घरात सगळं चाललं. आता पुण्यातून चालायला हवं. राउटरच्या पानावर गेलो, बाहेरून ८०८० नंबरच्या पोर्टवर येईल ते लॅपटॉपच्या ८० वर पाठव असं लिहिलं, सेव्ह केलं. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून पाहिलं. (हे महत्त्वाचं. घरच्याच वायफायवरून स्वतःचा बाहेरचा पत्ता उघडला तर बरेच राउटर गडबडतात आणि चालत असलेलंही चालत नाही असं वाटतं.) पांढरं पान. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग कळलं की साइट सापडत नाही.

पुढचे पाच दिवस मी चूक माझीच असणार असं धरून चाललो. फायरवॉल बंद करून पाहिली, राउटर रीसेट केला, पोर्ट बदललं, अपाचे काढून पुन्हा घातला. सहाव्या दिवशी राउटरच्या स्टेटसच्या पानावर सहज नजर गेली. बाहेरचा आयपी १००.७२ ने सुरू होत होता. आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर आकडा भलताच. दोन्ही सारखे असायला हवेत. नसतील तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने बाहेरचा एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटलाय, आणि राउटरमध्ये काहीही लिहिलंत तरी उपयोग शून्य.

जुन्या चुन्याच्या वाड्याचा घर नंबर एकच आणि आत पंधरा बिऱ्हाडं, तसलाच हा प्रकार. तुम्ही पत्र पाठवलंत तर दारावरचा माणूस नोंद ठेवतो, उत्तर बरोबर तुमच्या खोलीत येतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं आणि नुसता घर नंबर विचारला, तर कोणत्या बिऱ्हाडाकडे न्यायचं ते दारावर कुणालाच माहीत नाही. जुन्या पद्धतीचे (आयपीव्हीफोर) आयपी जगात मिळून ४२९ कोटींच्या आसपास. आशियाच्या वाट्याचा साठा २०११ च्या एप्रिलमध्ये तळाला गेला, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आकडे असल्या वाड्यांसाठीच राखून ठेवले गेले. म्हणजे कंपनीचंही अगदीच चुकतं असं नाही. माझी तक्रार वाड्याबद्दल नाहीच. हा वाडा आहे, एवढं कबूल करायला कुणी तयार नव्हतं, त्याबद्दल आहे.

फोनवर तक्रार केली. ‘‘सर, राउटर बंद करून चालू करा.’’ केला. ‘‘नेट चालू आहे ना सर?’’ आहे. तक्रार सोडवली गेल्याचा मेसेज फोन ठेवायच्या आत आला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा एक पोरगा घरी आला, स्पीड टेस्ट केली, आकडा माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘‘बघा काका, फुल्ल येतंय.’’

मग ऑफिसला गेलो. दुकानांच्या वर पहिला मजला, जिन्यात वायरींची वेटोळी. काउंटरवरच्या ताईंना मी कागदावर दोन्ही आकडे लिहून दाखवले. त्यांनी कागद सरळ केला, उलटा केला, आणि रिचार्ज कधीचा आहे ते विचारलं. ‘‘पब्लिक आयपी हवाय,’’ म्हटलं, म्हणजे बाहेरून थेट माझ्याकडे पोचेल असा पत्ता. ‘‘सर, आपलं सगळं पब्लिकसाठीच आहे.’’ दुसऱ्या खेपेला नव्या पद्धतीचा पत्ता, आयपीव्हीसिक्स, तरी मिळेल का विचारलं, कारण त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि वाड्याची भानगडही नाही. आतून एक जण म्हणाला, ‘‘आपल्या राउटरला फाइव्ह जीपर्यंतच आहे, सिक्स अजून आलं नाही.’’ मी जिना उतरून खाली आलो आणि चहा प्यालो.

तिसऱ्या खेपेला तांत्रिक साहेब भेटले. त्यांना सीजीनॅट माहीत होतं! पहिल्या वाक्यात कळलं त्यांना. मला त्यांचे हात धरावेसे वाटले. स्टॅटिक आयपी (स्वतःचा, न बदलणारा पब्लिक पत्ता) देतो म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला. चौथ्या खेपेला कळलं, स्टॅटिक फक्त बिझनेस प्लॅनवर, त्याला जीएसटी नंबर लागतो, आणि महिन्याचे पैसे होस्टिंगच्या दुप्पट. फुकटच्या सर्व्हरसाठी!

त्याच रात्री वैतागून टेलस्केल घातलं, म्हणजे आपली यंत्रं कुठेही असली तरी त्यांना खासगी जाळ्यात (व्हीपीएनमध्ये) जोडणारं ॲप. अर्ध्या तासाचं काम, तेही व्हिडिओ कॉलवर वहिनींच्या मोबाइलमध्ये ते चढवण्यात वीस मिनिटं गेली म्हणून. यात बाहेरून आत कुणी येत नाही. दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारतात आणि मधेच भेटतात, त्यामुळे दारावरच्या माणसाशी संबंधच उरत नाही. घरगुती वापराला फुकट आहे आणि आपला हिशेब जगाला उघडाही पडत नाही. ‘‘भाऊजी, हे व्हीपीएनची परवानगी मागतंय, देऊ का?’’ द्या. मात्र काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू असलं की कुरकुर करतात, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करायचं.

आणि टेलस्केलने लॅपटॉपला दिलेला नवा पत्ता? शंभर ठिपका काहीतरी. त्याच राखीव आकड्यांतला. मी मोठ्याने हसलो, बायको बघायला आली.

आता आठवतंय ते सांगून टाकतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं की सर्व्हर झोपतो. लॉगिनडीच्या (उबुंटूमधला झाकण-झोप बघणारा भाग) सेटिंगमध्ये झाकणाच्या ओळीला ‘इग्नोर’ लिहा. राउटरमध्ये लॅपटॉपचा घरातला पत्ता कायमचा बांधून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की २० चा २३ होतो. लाइट गेल्यावर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो, राउटर मरतो. त्यालाच छोटा बॅकअप लावा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर आधी डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बघा, ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हवं. आणि तुम्हाला खरा पब्लिक आयपी मिळालाच तर दुरून लॉगिन करायचं २२ नंबरचं पोर्ट उघडण्याआधी पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त ‘की’ (किल्लीसारखी गुप्त फाइल) ठेवा. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर. मी अजून लावलेला नाही, या रविवारी लावणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला वहिनींचा मेसेज आला. मला वाटलं, चाललं म्हणून कौतुक असेल.

‘‘भाऊजी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा खाडा दोनदा धरलाय. वहीत बरोबर होता.’’