सनद आणि हप्ता

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला, त्याला दोन आठवडे होत आले असताना हे लिहितो आहे. उत्तर गोव्यातून श्रीपाद नाईक सहाव्यांदा निवडून आले, तेही १,१६,०१५ मतांच्या फरकाने. दक्षिणेत काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी जिंकले. देशात ‘चारशे पार’ म्हणणारा पक्ष २४० जागांवर थांबला आणि मित्रपक्षांचे हात धरून सत्तेवर बसला. माझे मत उत्तरेतल्या हरलेल्या बाजूला पडले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना माझा कल कोणाला शोधत बसावे लागणार नाही. मी डाव्या विचारांचा माणूस आहे, तीस वर्षे एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम केले, त्यांतली बरीचशी कामगार संघटनेत काढली, आणि ७ मे रोजी मतदान केंद्रात गेलो तेव्हा यंत्रावर डाव्या पक्षाचे बटणच नव्हते. तेव्हा जवळचे म्हणून जे वाटले ते दाबले.

राहतो मयेला. ज्यांना गोव्याच्या जमिनीचा इतिहास ठाऊक आहे त्यांना एवढे गावाचे नाव पुरेल. बाकीच्यांसाठी थोडे सांगतो. पोर्तुगीज राजवटीत आमचा जवळजवळ सगळा गाव एका सरदार घराण्याला बहाल केलेला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, जमीनदार देश सोडून गेला आणि त्याची मालमत्ता ‘स्थलांतरितांची मालमत्ता’ म्हणून सरकारी ताब्यात आली. इकडे दयानंद बांदोडकरांच्या सरकारने १९६४ मध्ये कुळ कायदा केला, १९७५ मध्ये जमीनदाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ हाच मालक मानला गेला, आणि आजूबाजूच्या गावांतले आमचे सोयरे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात खंड पोचवायचे थांबले. मयेचे लोक मात्र, पिढ्यान् पिढ्या तीच शेते कसूनही, कागदावर कोणीच नव्हते. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये. आमच्या जमिनीची मुक्ती करणारा कायदा विधानसभेत यायला २०१४ साल उजाडावे लागले. माझे आजोबा ‘गोवा सुटला, मये अजून सुटायचे आहे’ असे म्हणत, ते विनोदाने नव्हे.

एवढी पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, या निवडणुकीचा प्रचार मी याच डोळ्यांनी पाहिला. आमच्या गावात ‘सनद’ या शब्दाला जे वजन आहे ते शहरातल्या माणसाला कळणे कठीण आहे. सनद म्हणजे तुमच्या नावाचा कागद. तो एकदा हातात आला की पुढच्या निवडणुकीत कोण जिंकले याची त्या कागदाला फिकीर नसते. प्रचाराच्या दोन महिन्यांत मला जे जे ऐकू आले ते मात्र सगळे हप्त्याच्या भाषेतले होते. खात्यावर किती जमा होतात, कोणामुळे होतात, आणि कोण गेल्यावर बंद होतील.

एप्रिलच्या अखेरीस शेजारच्या एका बाईंशी बोलणे झाले. घरी शिलाईचे काम करतात, नवरा ट्रकवर. मी विचारले, या वेळी काय? त्या म्हणाल्या, “काका, पंधराशे येतात ते बंद झाले तर तुम्ही देणार?” हे गृह आधारचे पैसे. योजना राज्याची, निवडणूक केंद्राची, आणि तरीही त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण त्यांच्यापर्यंत ती योजना कायदा म्हणून कधी पोचलीच नव्हती, कोणाची तरी मर्जी म्हणून पोचली होती. वृद्धांना आणि निराधारांना दोन हजार रुपये देणाऱ्या योजनेला तर बांदोडकरांचेच नाव आहे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. ज्या माणसाच्या सरकारने कुळाला कायद्याचा आधार दिला, त्याचे नाव आता मासिक रकमेला लागले आहे.

गैरसमज नको. मी त्या पैशांच्या विरोधात नाही. डाव्यांपैकी काहीजण, आणि शहरातले बरेच उजवेही, अशा योजनांना ‘रेवडी’ म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. ज्या घरात महिन्याला दहा-बारा हजार येतात तिथे पंधराशे रुपये म्हणजे गॅसचे सिलिंडर आणि मुलांच्या वह्या. माझा आक्षेप पैसे देण्याच्या रीतीला आहे. धान्याचेच पाहा. गरिबाला स्वस्त धान्य मिळणे हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. आता तेच धान्य मोफत झाले, ही चांगली गोष्ट, पण ते पिशवीवर पंतप्रधानांचा फोटो घेऊन येते, आणि प्रचारात त्याची ओळख ‘मोदींची गॅरंटी’ अशी करून दिली जाते. गॅरंटी देणारा एक माणूस असेल तर तो गेल्यावर ती गॅरंटी कोणाकडे वटवायची? कायद्याची पायरी चढून मामलेदाराकडे जाता येते, फोटोकडे जाता येत नाही.

रोजगार हमीचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२४ मध्ये केंद्राने मजुरीचे दर वाढवले, त्यात गोव्याची वाढ देशात सर्वाधिक होती, ३२२ वरून ३५६ रुपये. प्रचारात हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जात होता. पण २००५ च्या या कायद्यात काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागे अशी तरतूद होती, हे एकाही वक्त्याच्या तोंडून मी ऐकले नाही. काँग्रेसच्याही नाही, ज्यांनी तो कायदा केला. तो कायदा झाला त्या लोकसभेत डाव्यांचे ५९ खासदार होते आणि सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभे होते. माहितीचा अधिकार २००५ चा, वनहक्क कायदा २००६ चा, तोही त्याच काळातला. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत वनहक्काचे हजारो दावे आजही पडून आहेत, हा दोष अंमलबजावणीचा; पण दावा करता येतो हे तरी त्या ५९ जणांच्या काळात ठरले. या वेळी माकपचे चार, भाकपचे दोन आणि माले गटाचे दोन असे आठजण निवडून आले आहेत. राजस्थानातल्या सीकरमधून अमरा राम निवडून आले त्याचा आनंद मी एकट्यानेच चहा करून साजरा केला, घरात दुसऱ्या कोणाला सीकर कुठे आहे ते ठाऊक नव्हते.

आता काँग्रेसबद्दल. उत्तरेत त्यांनी रमाकांत खलप यांना उभे केले. ज्यांना १९९६ आठवते त्यांना आठवेल की खलप तेव्हा मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिकिटावर इथूनच निवडून गेले होते आणि देवेगौडा व गुजराल यांच्या सरकारांत कायदा राज्यमंत्री होते. त्याच सरकारांत गृहमंत्री होते भाकपचे इंद्रजित गुप्त. म्हणजे माझ्यासारख्याला बटण दाबताना धरायला एक धागा होता, जरा ओढूनताणून का होईना. पण भाजपने आपला उत्तरेतला उमेदवार २ मार्चच्या पहिल्याच यादीत जाहीर केला होता आणि काँग्रेसला एप्रिल उजाडावा लागला. कार्यकर्ते कोणाचे नाव घेऊन दारोदार फिरणार होते? त्यातून लोकांच्या मनात जे सलत होते त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. २०१९ मध्ये दहा आमदार पलीकडे गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी उमेदवारांना देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या, आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला अकरांपैकी आठजण गेले. देवाला साक्षी ठेवून दिलेला शब्द आठ महिनेही टिकत नसेल तर जाहीरनाम्यात गरीब घरातल्या बाईला वर्षाला कबूल केलेल्या एक लाख रुपयांवर बाईमाणसाने विश्वास का ठेवावा? शेजारच्या बाईंना मी महालक्ष्मी योजनेचे सांगायला गेलो तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

आणि तोही शेवटी हप्ताच होता, हे कबूल केले पाहिजे. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात हक्काच्या भाषेतल्या काही गोष्टी होत्या: देशभर किमान ४०० रुपये रोज, हमीभावाला कायद्याचे पाठबळ, सरकारी खात्यांत व सार्वजनिक उद्योगांत नियमित कामे कंत्राटी पद्धतीने न देण्याचे वचन. पण इथल्या प्रचारात त्या आल्याच नाहीत. २९ कामगार कायदे मोडून त्यांच्या चार संहिता केल्या होत्या, त्या तेव्हा अजून लागू व्हायच्या होत्या; लागू झाल्या की संघटना बांधणे आणि संप करणे किती अवघड होईल, यावर वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर पाच मिनिटे बोलणारा उमेदवार मला हवा होता. खाणींबद्दल सगळेच बोलले. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होत आहेत, आणि त्याचे श्रेय घेण्याची स्पर्धा होती. सुरू झालेल्या खाणीत कायम नोकरी किती जणांना आणि ठेकेदारामार्फत किती जणांना, हा प्रश्न विचारला की सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते घड्याळाकडे पाहत.

दक्षिणेतल्या दोन गोष्टींवर लिहिल्याशिवाय राहवत नाही, जरी माझे मत तिथले नाही. भाजपने पल्लवी धेंपे यांना उमेदवारी दिली. गोव्यातून लोकसभेसाठी त्यांनी उभी केलेली ही पहिली महिला. पती-पत्नींची मिळून मालमत्ता सुमारे १४०० कोटी. कोणी श्रीमंत असणे हा गुन्हा नव्हे. परंतु ‘महिलांना प्रतिनिधित्व’ हा मुद्दा पुढे करणाऱ्या पक्षाला अंगणवाडी सेविका किंवा कारखान्यात पॅकिंग करणारी बाई उमेदवार म्हणून का सुचत नाही, हे विचारायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट माझ्याच बाजूची आणि म्हणून जास्त बोचणारी. विरियातो फर्नांडिस यांनी प्रचारात सांगितले की, मुक्तीनंतर गोमंतकीयांवर भारतीय संविधान लादले गेले, असे आपण २०१९ मध्ये राहुल गांधींना म्हटले होते. दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नावरून ते बोलत होते, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांची अडचण खरी आहे, हे मान्य. पण हे वाक्य मला पटले नाही आणि मते मोजून झाल्यावरही पटत नाही. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन सीमा ओलांडून आले, १५ ऑगस्टला समाजवादी आणि कम्युनिस्ट निःशस्त्र माणसे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गोळ्या झेलत आली, ती काय लादायला? सालाझारच्या राज्यात मत नव्हते, संघटना नव्हती, कुळाला कूळ म्हणून उभे राहायला कायदा नव्हता. संविधान लादले गेले असेलच तर ते भाटकारांवर. मयेच्या माणसाची तक्रार तर बरोबर उलटी आहे, की ते आमच्यापर्यंत उशिरा पोचले. पंतप्रधानांनी ते वाक्य उचलून छत्तीसगडच्या सभेत वापरले, तेव्हा वाटले, आपल्याच माणसाने दगड हातात दिला. गंमत अशी की, मार्चमध्ये इथून जवळच उत्तर कन्नडमध्ये भाजपचेच खासदार अनंतकुमार हेगडे संविधान बदलण्यासाठी चारशे जागा हव्यात असे बोलून गेले होते आणि त्यांचे तिकीटही कापले गेले. हे गोव्यात घरोघर सांगता आले असते. विरियातोंच्या वाक्यानंतर ते सांगायची सोय राहिली नाही.

तरी दक्षिणेने त्यांना निवडून दिले. मोलेमच्या जंगलातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये चांदरच्या रुळांवर रात्रभर बसलेले लोक त्याच मतदारसंघातले, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना उमेदवाराची चूक दिसत होती तरी त्यांनी मत दिले असावे, असा माझा अंदाज आहे. उत्तरेत म्हादई नदीचे पाणी कर्नाटकाने वळवण्याचा प्रश्न तेवढाच जिवाचा होता, पण केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या आराखड्याला मंजुरी दिल्यावर जे रान पेटले ते मतदानापर्यंत विझले होते. रिव्होल्युशनरी गोवन्स या स्थानिक पक्षाला जी मते गेली ती सगळी काँग्रेसला मिळाली असती तरी नाईकच जिंकले असते, तेव्हा मतविभागणीचे रडगाणे आमच्या बाजूने तरी गाऊ नये.

गेल्या रविवारी पुतण्या आला होता. वय सव्वीस, एका औषध कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला, दर अकरा महिन्यांनी नवे पत्र. प्रचाराच्या काळात मी त्याला जाहीरनाम्यातले ते कंत्राटी पद्धतीचे पान दाखवले होते. त्याने ते या वेळी पुन्हा काढायला लावले, सावकाश वाचले आणि म्हणाला, “काका, हे सरकारी लोकांसाठी आहे. आमची कंपनी खाजगी.” मी म्हटले, बरोबर आहे. मग त्याने विचारले की तुमच्या वेळी संघटनेची नोंदणी करायला किती माणसे लागली होती, आणि मी आत जाऊन जुनी फाईल शोधायला लागलो.