जुन्या व्हॅनचा हीटर गळतोय?
आज साताऱ्यात एका जुन्या व्हॅनचं काम. काचेवर आतून तेलकट धुकं, गोडसर वास, डाव्या सीटपुढचं मॅटिंग ओलं. म्हणजे हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गेला. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना उपाय नकोच, भोक बुजेल न बुजेल, बारीक नळ्या मात्र चोंदतात.

नवा मिळेपर्यंत हीटर वगळून गाडी चालवायची, तर आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) हीटरचे दोन्ही होज, म्हणजे रबरी पाइप, काढा, पितळी जॉइंटरने एकमेकांना जोडा (बहुधा १६ मिमी, पण आधी होजचं आतलं माप घ्या), दोन्हीकडे क्लिप. नुसती बुचं मारू नका. काही इंजिनांत पाणी त्याच वाटेनं फिरतं. पीव्हीसीचा तुकडा तर मुळीच नको, ९० अंशाला मऊ पडतो आणि नेमका खंबाटकी घाटात निसटतो. कूलंट भरून हवा काढा, दुसऱ्या दिवशी क्लिपा परत आवळा. नवा हीटर कोअर मिळेपर्यंत महाबळेश्वरला स्वेटर घालूनच जा!