छातीतली खाच

वसईतल्या एका जुन्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वेदीचं पॉलिश उतरवून नवं करायचं काम होतं. सागवानी कोरीव काम, त्यावर रंगाचे थरावर थर. चार कोपऱ्यांत देवदूत, सिंह, बैल आणि गरुड. येशूची कहाणी लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चौघांच्या या खुणा, एवढं मला ठाऊक होतं. मधोमध, पवित्र भाकरीच्या पेटीच्या दारावर आणखी एक पक्षी, पायाशी तीन पिल्लं. चोच आखूड, बाकदार. म्हटलं, हाही गरुडच. त्याच्या छातीत करंगळीच्या नखाएवढी खाच होती. कीड लागली असणार असं समजून मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वाळल्यावर पॉलिशपेपर मारून सपाट केली.

दुपारी फुलं लावायला येणारी आजी दारापाशी थबकली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाळा, जखम कुठे गेली?"

"कसली जखम, आजी?"

"आईची."

तो गरुड नव्हताच. पेलिकन होता, आपण झोळीवाला म्हणतो तो. जुन्या ग्रीक प्राणिकथेत पेलिकन आई स्वतःची कूस, म्हणजे छातीची बाजू, फोडते आणि तिसऱ्या दिवशी त्या रक्ताने मेलेली पिल्लं उठवते. म्हणून ती ख्रिस्ताची खूण, आणि आतली भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानतात, म्हणूनच नेमकी या दारावर. युरोपातल्या कित्येक कारागिरांनी हा पक्षी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे झोळी गायब आणि चोच गरुडाची, असं संध्याकाळी फादर म्हणाले. पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन (१४८१–१४९५) याचंही हेच बोधचिन्ह होतं. वसई पुढे १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडेच होती.

मी मान बघायला हवी होती. योहानाचा गरुड मान वर करून बाहेर बघतो. हिची मान खाली, चोच छातीला टेकलेली. लाकूड सगळं सांगत होतं आणि मी नुसती चोच बघून मोकळा झालो, याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात बारीक पटाशी घेतली. लांबी कणाकणाने काढली, कापूस ओला करून खाच पुसली. तळाशी, लाकडाच्या रेषांत, जुना तांबडा रंग अजून धरून होता. त्याच्याशी जुळेल असा रंग घोटायला दोन तास गेले.

आजी शेजारी उभी होती. खाचेत लाल भरल्यावर म्हणाली, "पिल्लाच्या तोंडातपण एक थेंब दे." मधल्या पिल्लाची चोच उघडी होती. मी शून्य नंबरचा ब्रश उचलला.