तळावरची सही

"आधी सही बघा," म्हणत नातवानं फुलदाणी उलटी करूनच माझ्या हातात दिली. मी ती सरळ केली. जुनी काच पारखताना तळावरची कारखान्याची सही शेवटी वाचायची, कारण खोटी करायला सगळ्यात सोपी तीच.

घर वेंगुर्ल्याजवळचं. पणजोबा मुंबईला बंदरावर नोकरीत असताना ही फुलदाणी आली, एवढंच घरात माहीत. वीतभर उंच, हिरवट-सोनेरी. खिडकीशी नेऊन फिरवली की निळी-जांभळी झाक सरकत जाते. गरम काचेवर कथलाच्या क्षारांची वाफ दिली की हा रंग चढतो. 1900 च्या आसपास बोहेमियातले (आजच्या चेक प्रजासत्ताकातला हा भाग, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात) कारखाने असा माल भरपूर काढत. त्यांत क्लॉस्टरम्यूले गावचा लोट्झ सगळ्यात नावाजलेला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला मोठं पारितोषिक मिळालं होतं. पण क्रालिक आणि पाल्मे-केनिग या तिथल्याच कारखान्यांची काचही इतकी जवळची, की नुसत्या रंगावरून पैज लावू नये. शिवाय लोट्झच्या पुष्कळ नगांवर सहीच नसे. 'लोट्झ ऑस्ट्रिया' ही अक्षरं मुख्यतः निर्यातीच्या मालावर घालत. म्हणूनच बिनसहीच्या काचेवर मागाहून सही चढवणारे जगभर आहेत.

आता तळ. कारागिरानं सळईवरून तोडल्याची खूण घासून गुळगुळीत केलेली होती, ते ठीक. टेकते त्या कडेला झिजेचं कडं होतं. वर्षानुवर्षं फळीवर उचल-ठेव झाली की असे बारीक ओरखडे पडतात, कुणाचा कुणाशी मेळ नसलेले. पॉलिशपेपरनं आणलेली झीज बहुतेक एकाच दिशेनं जाते. ही झीज अस्सल होती. वस्तू जुनी, याबद्दल माझ्या मनात काही उरलं नाही.

मग दहापटीचं भिंग सहीवर धरलं. लिहिणाऱ्याची जागा चुकली होती: शेवटची तीन-चार अक्षरं झिजेच्या कड्यावर चढली होती. सही कारखान्यातली असती तर ओरखडे अक्षरांवरून गेले असते. इथं उलट, अक्षरांची रेघ ओरखड्यांना कापत गेलेली, कडा पांढऱ्या आणि भुरभुरीत, खाचेत मळाचा कण नाही. आणि रेघ म्हणावी तर तीही रेघ नव्हती. एकाला एक लागून ठिपके.

आजी इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. मी भिंग त्यांच्याकडे दिलं. त्यांनी डोळा लावला, काही न बोलता आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकणावर लग्नातलं नाव घातलेलं.

"बघ, ह्यां तसांच आसा."

भिंगाखाली दोन्ही शेजारी धरली. तेच ठिपके. भांड्यावर नाव घालायच्या विजेच्या पेनानं बोहेमिया अवतरलं होतं! इतकी वर्षं काच बघतोय, पण हा मुद्दा आजींच्या आधी मला सुचला नव्हता.

"मुंबैक नेल्यान तेवा ह्यां नाय होतां," त्या म्हणाल्या. "मी धुतंय, मी पुसतंय. माका ठाऊक."

नातू म्हणाला, मुंबईच्या दुकानदारानं साफ करायला म्हणून काही दिवस ठेवून घेतली होती. असेलही. मी खोदून विचारलं नाही. ते माझं काम नव्हे.

"मग घासून काढली तर?"

घासली तर झीजही जाणार, आणि वयाचा पुरावा तीच. वर खळगा उरणार, आणि जाणकार गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवणार. बिनसहीची असती तर मी 'लोट्झची असण्याचा दाट संभव' असं बिनधास्त लिहिलं असतं. आता लोक रंगावरही संशय घेतील. लंडनच्या लिलावाचा विचार होता म्हणे. पण 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे सांगितल्यावर तोही विषय संपला.

अहवालात लिहिलं: बोहेमिया, साधारण 1900 ते 1910, लोट्झच्या धर्तीची, तळावरची सही अलीकडची, विजेच्या यंत्रानं केलेली. शेवटचं वाक्य गाळता येईल का, असं नातवानं हळूच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं पैसे दिले, पण कागद काही उचलला नाही.

तो आजींनी घेतला आणि घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "परत मुंबैक गेली तर ह्यो कागद वांगडा जातलो."